विसाव्याचा कोन

हा डोंगर मी केलाय.
अठरा वर्षं, दिवसाला बावीस खेपा:
डंपर मागे घ्यायचा, कडेला करकचून ब्रेक,
हौदा उचलायचा,
आणि माती जिथं थांबेल तिथं डोंगर.

समोरचे डोंगर जुने. त्यांना नावं आहेत,
राखणदार आहेत, कुणाला नारळ, कुणाला क्रूस.
ह्याला कंपनीच्या नकाशावर नुसता आकडा.
माझ्या धाकटीहून वयानं लहान.
वरून शिरोड्याची मिठागरं दिसतात,
पांढरी, चौकोनी, कुणीतरी नीट घडी घातल्यासारखी.

इंजिनिअर बाई सांगतात,
ओतलेली माती आपणहून एका कोनात निजते.
सदतीस अंश, साधारण.
त्याला विसाव्याचा कोन म्हणतात.
मी म्हटलं, बाई, निजते खरी,
पण कूस बदलते.

बदलली तेव्हा आषाढ होता.
लाल रेंदा वाडीत उतरला
आणि जयवंती परबांचा तरवा एका रात्रीत गाडला गेला.
सकाळी ती खाणीवर आली. बोलली काहीच नाही.
ओंजळभर चिखल माझ्या डंपरच्या पायरीवर ठेवला
आणि गेली.
तो वाळला, पडला. डाग अजून आहे.

आता खाण बंद. डंपर भंगारात.
आता मी आणि जयवंती एकाच दोरावर.
मशीननं उतार मोडून पायऱ्या पाडल्यात,
आतल्या अंगाला कललेल्या,
की पाणी कडेवरून उडी मारू नये,
मागच्या चरीतून मुकाट्यानं चालत जावं.
पायऱ्यांमधल्या उतारावर काथ्याची जाळी,
बांबूच्या खुंट्या,
आणि वीत-वीत अंतरावर वाळ्याचे ठोंब.

आधीच्या साहेबानं आकेशिया लावली होती.
भराभर वाढली, फोटोत हिरवीगार,
खाली गवताचं एक पातं नाही.
वादळात सगळी आडवी झाली,
गालिचा उचलावा तशी मुळं वर.

खरी गोष्ट कुणाला सांगितलेली नाही.
वरची काळी माती, हातभर जाड,
जिच्यात कुड्याचं, धायटीचं, करवंदीचं बी होतं,
ती पहिल्या वर्षी पहिल्या खेपांना मीच ओतली.
सगळ्यात तळाला.
वेगळी राखायची असते हे कुणी बोललंच नाही,
आणि मी विचारलं नाही.
तिच्यावर अठरा वर्षांचा मुरूम बसलाय.

खड्ड्यात घालायला माती हवी म्हटल्यावर
जयवंती म्हणाली, "माज्या परड्यातली घेवा.
शंभर रुपये पाटी. उधारी नाय."
बाईंनी घासाघीस केली. ती नव्वदवरही आली नाही.
मला बरं वाटलं, का ते कळेना.

दसरा झाला. आज मोजणी.
तिसऱ्या पायरीवर दहातले सात जगले.
पाचवी गेली.
तिथं एवढी घळ पडलीय की खांदा आत जातो.
चौथीवर बाईंनी एक ठोंब उपटायला सांगितला, मुळं बघायला.
मी ओढला. नाही आला.
दोघांनी ओढला. पात्यांनी तळहात कापले,
तरी नाही आला.
मग कुदळीनं बाजू खणली,
आणि वास आला.
इतकी वर्षं इथं डिझेल, ग्रीस आणि धूळ,
आणि आता माठातल्या पाण्याचा वास,
सदतीस अंशांवर, उन्हात.

जाळीच्या एका भोकातून करवंदीचं रोप निघालंय.
यादीत नाही. कुणी लावलेलं नाही.
बुलबुलाचं काम, बाई म्हणाल्या, आणि वहीत
कुठल्या रकान्यात लिहावं म्हणून थांबल्या.

उद्या पाचवी पायरी पुन्हा.
दगड आतून रचायचे, जाळी दुहेरी.
"पास्कू, खाली बगू नको," जयवंती म्हणते,
मी कुठे बघत नसतानाही.
माझ्या कमरेची गाठ आता तीच बांधते.
ओढून बघते.
परत एकदा ओढून बघते.