फटी

फोनवर तू सांगतेस, त्सियाला, आणि मी
विजेच्या बिलामागे पेन्सिलीनं उतरवून घेतो:
खिडक्या आधी. बाकी सगळं मागून.
उन्हाकडची भिंत दुपारभर तापते,
तिथेच ते पहिल्यांदा चिकटतात,
तपकिरी, ढालीच्या आकाराचे,
न बोलावता सोयरीक जुळवायला आल्यासारखे.

तुझे जुने लांब मोजे कापले.
(ती राखाडी जोडीसुद्धा. रागावू नकोस.)
पट्ट्या सुरीच्या पाठीनं चौकटीत ठासल्या.
धुराड्याच्या तोंडाला जाळी.
नळ भिंतीत शिरतो त्या भोकात तारेची घासणी,
उंदराचे दात लाकडापुरते, तू म्हणालीस,
तेवढ्यात मागून त्या म्हातारीनं काहीतरी मागितलं
आणि "आले, आले" असं तू तिच्या भाषेत म्हणालीस.
तो शब्द आता मलाही येतो.

मक्याच्या पिठात तमालपत्र, चार पानं.
मी सात टाकली.
किडे नाहीत, पण घोमीला सुपाचा वास येतो
आणि मी एकटाच खाणारा, म्हणून चालतं.

मुंग्यांची वाट व्हिनेगरनं पुसली.
त्यांनी दुसरी काढली, तीही पुसली.
तिसरीच्या टोकाशी तुझ्या मुरंब्याची बरणी सापडली,
झाकण सैल. मीच ठेवलं होतं तसं.

घोंगड्यांत अक्रोडाची पानं.
तू जाण्याआधी दोऱ्यात ओवून ठेवलेली
हात लावला की भुगा होतात.
टाकवली नाहीत. नवी खाली, जुनी वर.

कोबीभोवती चुलीतली राख, बोटभर जाड.
आमच्या सामेग्रेलोत राख म्हणजे काय,
पाऊस येतो, धुऊन नेतो,
पाऊस जातो, मी पुन्हा बादली घेऊन उभा.
गोगलगाई रात्री बॅटरीच्या उजेडात वेचतो.
बोंदो कुंपणापलीकडून हसतो,
पाठीवर फवाऱ्याचा पंप, तोंडावर फडकं,
म्हणतो, मुर्ताझ, त्यांना नावं तरी ठेवलीस का?

दिव्याखाली साबणाच्या पाण्याची परात.
सकाळी मोजले, दोनशे बारा.
चिरडू नकोस, तू बजावलं होतंस.
एक चिरडला.
तोच वास, कोथिंबिरीचा.
तुझ्या हातच्या घेवड्यावरची मूठभर हिरवी कोथिंबीर
दोन वर्षं झाली, मला गिळत नाही.

त्या वर्षी हेझलनट अंगणात फोडत बसलो होतो,
आठवतंय? वरून कवच कसं तुकतुकीत,
आत काळी सुरकुती, नाहीतर नुसता वारा.
व्यापाऱ्यानं पोतं न तोलताच खाली ठेवलं,
तुझ्याकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही.
रात्री तू माळ्यावरची सूटकेस मागितलीस.
मी काढून दिली. कोळिष्टकं पुसून दिली.
बैल गेला आणि झोपा केला,
हे मला कुणी वेगळं सांगायला नको.

काल एक तरीही आत होता,
तुझ्या बाजूच्या उशीपाशी, थंडीनं जड,
पाय हलवत होता, पण कुठे जात नव्हता.
पेला उपडा ठेवला, खाली बिल सरकवलं,
तुझ्या सूचनांवर बसवून बाहेर नेला.
परात दोन पावलांवर होती.
का नाही टाकला, विचारू नकोस.

सगळं बंद केलंस ना, तू विचारलंस.
हो म्हणालो.
स्वयंपाकघराच्या दाराखालची फट राहिलीये,
दोन बोटं रुंद.
अंधार पडल्यावर फाटकातून आत येतो
तेव्हा तेवढ्यातून दिव्याचा उजेड पायरीवर पडलेला असतो
आणि चार पावलं तरी वाटतं,
चुलीपाशी कुणीतरी आहे.

उद्या गोणपाट बसवतो. नक्की.
टोमॅटोच्या सरींमध्ये लावायचं
ते झेंडूचं बी तेवढं कुठे ठेवलंस, सांग.
सगळे डबे उघडून पाहिले.