एकास त्रेचाळीस

पेटीवर बारीक आकड्यात लिहिलेलं असतं, १:४३.
म्हणजे खऱ्या गाडीचे त्रेचाळीस भाग करायचे,
एक ठेवायचा
आणि बाकीच्यांबद्दल बोलायचं नाही.

विश्रामबागच्या दुकानातला पोरगा दर वेळी विचारतो,
"नातवाला का, मावशी?"
मी हो म्हणते.
मला नातू नाही. कपाटात एकवीस गाड्या आहेत
आणि एकही अजून फरशीवर उतरलेली नाही.

अब्बा गाड्यांची सीटं शिवायचे. कोल्हापूर रोडला,
टायर रिमोल्डच्या शेजारी पत्र्याचं शेड,
बोर्डावर 'दस्तगीर कुशन वर्क्स'.
शाळेतून आले की पायपीन माझ्याकडे.
गणिताच्या वहीलाही रेक्झीनचा वास यायचा.
लोक गाडी बॉनेटवरून ओळखतात,
आम्ही बैठकीवरून.

ही पांढरी अँबॅसडर कारखान्याच्या चेअरमनांची.
मागची सीट डावीकडे कायम दबलेली,
उजवीकडे बसायची कुणाची टाप नव्हती.
अब्बा डावीकडे काथ्या जास्त भरायचे.
म्हणायचे, निवडणूक होऊ दे, मग समान करू.
निवडणूक झाली.
नवे साहेबही डावीकडेच बसले.

ही कॉन्टेसा हळदीच्या अडत्याची.
मरून कापडावर थाप मारली की
पिवळा धुरळा उठायचा, शेडभर,
आणि अब्बांच्या शिंका रिमोल्डवाले मोजायचे.

आणि ही बदामी फियाट, डॉक्टर पटवर्धनांची.
हिच्या सीटच्या फटीत एकदा
केसांचा चाप सापडला, मोत्याचा, एक मोती पडलेला.
डॉक्टरीणबाईंचे केस तेव्हा कानापर्यंत कापलेले.
अब्बांनी तो मूठ मिटून डॉक्टरांच्या मुठीत दिला,
ईदी देतात तसा.
डॉक्टरांनी बिलावर वीस रुपये जास्त ठेवले.
अब्बांनी ते सरळ करून, घडी घालून, परत केले.
मी समोरच बसले होते, पायपीन घेऊन.
मला वाटलं, हिशेब चुकला.

वडापची जीपही मिळते या मापात.
पण मागे लोंबकळणारे पाचजण मिळत नाहीत,
म्हणून घेतली नाही.

त्या ऑगस्टात आयर्विन पुलावर पाणी सत्तावन्न फूट.
रेक्झीन पाणी पीत नाही, नुसतं मळतं.
फोम पितो.
पाणी ओसरल्यावर अब्बा शेडच्या दारात बसून
एकेक तुकडा पिळत राहिले,
चौऱ्याऐंशीव्या वर्षी, नऊ दिवस.
प्रत्येक तुकड्यात अजून थोडी कृष्णा होती.
थंडीत ते गेले.

सत्तावन्न फूट भागिले त्रेचाळीस, सोळा इंच.
म्हणून कपाटाचा खालचा कप्पा
मी दीड फुटावर घेतला.
सुतार हसला. तो मिरजेचा, त्याला हसणं परवडतं.

अब्बांनाही भागून पाहिलं एकदा.
पाच फूट चार, म्हणजे पावणेचार सेंटिमीटर.
अँबॅसडरपलीकडे उभे राहिले असते
तर फक्त टोपी दिसली असती.

काल रात्री फियाट उलटी केली.
तळाला दोन स्क्रू.
वाटलं, पुरातून वाचलेलं रेक्झीन आहे वीतभर,
हिला खरी सीट शिवावी.
पण अब्बांची सुईच गाडीपेक्षा लांब.
एक टाका घातला तर
अख्खी सीट त्या एका टाक्यात संपणार.
आणि आत पाहिलं तर
सीट, पाठ, तळ, सगळं एकाच साच्यातलं, एकसंध.
फट नाहीच.
या गाडीत कुणाचं काही राहून जाणार नाही,
कुणाला मूठ मिटावी लागणार नाही.

झाकण लावलं. एक स्क्रू बसला,
दुसरा बोटांतून निसटून सोफ्याच्या फटीत गेला.
सोफा त्यांनीच भरलेला, काथ्याचा, कडक.
हात घातला, मनगटापर्यंत.
स्क्रू लागला नाही.
हात मात्र
लगेच काढला नाही.