चार ते सहा

कोपरखैरणे, सेक्टर पंधरा.
शनिवारी चार ते सहा
संस्थेच्या मावशी येतात
आईपाशी बसायला. पैसे नाहीत.

पहिल्या शनिवारी मल्हार
जिन्यातच बसून राहिला.
आत चमचा पडला की उठायचा.

दुसऱ्या शनिवारी मावशींनी दार लावून घेतलं.
‘गोळी पाचला, अर्धीच. पाणी कोमट.
डाव्या कुशीवर नको, रडते ती’
फटीतून सांगत होता
सातवी ब.

आज समाजमंदिरात कॅरम.
सोंगट्या मांडून झाल्या,
राणी मधोमध,
स्ट्रायकरवर बोट
आणि भिंतीवर पाच.

बोट तसंच राहिलं.

‘दिली असेल रे,’ समोरून फिर्दोस म्हणाली.
तिच्याकडे आजोबा असतात.
‘मार आता.
माझी साडेपाचची आहे.’

राणी गेली.
कव्हर मात्र राहिलं.