साठ हजार युनिट

सकाळी साडेसात. मल्हारगंजातली आमची लॅब.
समोरच्या गाडीवरून पोह्यांची वाफ आत येते
आणि उपाशीपोटी आलेली माणसं
तिच्याकडे पाठ करून बसतात.

टोकन अकरा : ओजस बावस्कर, वय चौदा, राहणार बऱ्हाणपूर,
हल्ली मुक्काम भंवरकुआँ, कोचिंगचं वसतिगृह, तळमजला.
खोलीला खिडकी आहे, ती जिन्यात उघडते.
सोबत आई, रात्रीच्या बसने आलेली.
मांडीवर पिशवी, पिशवीत डबा,
डब्यात माव्याची जिलेबी, झाकणाला रबर लावून.

"किती काढाल रक्त?"
चहाचे दोन चमचे, मी म्हणते.
"आधीच कमी आहे म्हणतात, त्यातूनच?"
याचं उत्तर आम्हाला शिकवलेलं नाही.

मूठ वळ, बाळा.
तळहातावर निळ्या शाईत कसलंसं सूत्र,
मुठीत मिटतं.
शीर सापडायला वेळ लागतो. मग जांभळं टोपण, मग पिवळं.
तो रक्ताकडे बघत नाही,
भिंतीवरच्या उंचीच्या पट्टीकडे बघतो.
"मॅडम, अजून वाढेन ना मी?"
वाक्य सुरू झालं पोराच्या आवाजात
आणि संपलं ते कुणा बापाच्या.
खोलीतल्या सगळ्यांनी ऐकलं, त्याचे कान लाल झाले.

आम्ही सांगायचं नसतं. आम्ही आकडे छापतो,
कमी भरला तर ठळक छापतो.

माळव्यात उन्हाची काय टंचाई?
अकरा वाजता गच्च्यागच्च्यांवर नुसतं सांडलेलं असतं.
पापड खातात, उलटून पालटून खातात,
मिरच्या खातात, गाद्या खातात.
पोरं तेव्हा ट्यूबलाइटखाली
प्रकाशाच्या अपवर्तनाची गणितं सोडवतात.

दुपारी यंत्रानं कागद दिला :
डी जीवनसत्त्व नऊ पूर्णांक चार.
फेरिटिन सात.

माझ्या धाकट्या भावाचे, नंदूचे, पाय
कंसासारखे होते. गुडघ्यांच्या मधून
शेजारचं मांजर शेपटी उभी करून जायचं
आणि आम्ही टाळ्या वाजवायचो. तोही वाजवायचा.
"आपल्या घराण्याचा बांधाच असा," अण्णा म्हणायचे,
"लहानखुरे पण चिवट."
रात्री तो पोटऱ्या धरून कण्हायचा,
आई तेल लावायची, म्हणायची, हाडं वाढतायत.
वाढत नव्हती. वाकत होती.
पाच पिढ्यांच्या नावावर आम्ही खपवला
तो एखादा ठळक आकडाच असेल, कोण जाणे.
कागदच नव्हता छापलेला.

पाच वाजता ती रिपोर्ट न्यायला आली.
बोट ठेवून वाचलं.
"नऊ? किती पैकी?"
याला पैकी नसतं ताई, निदान वीस-तीस तरी हवेत.
"म्हणजे नापास," ती म्हणाली.
"नव्वदच्या खाली कधी आला नाही हो हा."

डॉक्टरांनी पुड्या लिहून दिल्या. साठ हजार युनिट,
आठवड्यातून एक, दुधातून. लोहाच्या गोळ्या निराळ्या.
चहा-कॉफी गोळीसोबत नको, हे मीच सांगून टाकलं.
आणि उगाच, नियम मोडून :
आवाज आत्ता कुठे फुटतोय त्याचा. वेळ आहे अजून.

बाहेर पायरीवर तिनं त्याला बसवलं,
कोपरावरची कापसाची पट्टी काढली,
बाही खांद्यापर्यंत वर सारली.
पाच वाजताचं ऊन ते, औषधाच्या कामाचं नव्हे.
तरी बसवलं. जिलेबीचा डबा उघडला,
आणि तो खाईपर्यंत
त्याच्या अंगावर आपली सावली पडू नये म्हणून
ती एक पायरी खाली सरकून उभी राहिली.

लॅब बंद करताना मी नंदूला फोन लावला.
सियागंजात बटणांचं दुकान आहे त्याचं.
ये एकदा, म्हटलं, रक्त देऊन जा, पैसे नाही घेणार.
मागे गिऱ्हाइकांचा गलका. तो हसला.
"आता कशाला गं?
वरच्या खणासाठी
स्टूल घेतलंय मी."