पासंग

व्हॅनच्या मागच्या अंगाला लाकडी पेटीत
पितळी वजनं झोपतात, ज्याची त्याची खाच ठरलेली.
एक ग्रॅमचं बोटांनी उचलायचं नाही, चिमट्यानं.
घामालाही वजन असतं,
हे म्हाताऱ्या गेथिननं मला पहिल्या आठवड्यात शिकवलं
आणि दुसऱ्या आठवड्यात तो निवृत्त झाला.

सोमवारी लॅनिडलोस. प्रोसर खाटकाचा काटा
काही न ठेवताच आठ ग्रॅम दाखवतो.
"दारातला वारा," प्रोसर म्हणतो.
मी दार लावून घेतो. आठ ग्रॅम.
"मग वय झालं असेल त्याचं."
जाताना तो सॉसेज बांधून देतो, मी न तोलता घेतो.

मंगळवारी त्रेगारॉनच्या बाजारात मेंढ्या तोलायचा पिंजरा.
फळीखाली वाळक्या लेंड्या, लोकर,
आणि वायरीला टेकून उंदराचं घरटं:
पाच गुलाबी पिल्लं, डोळे मिटलेली.
पाचशे किलो पेलणाऱ्या त्या यंत्राच्या लेखी
ती नव्हतीच.
टोपीत घालून गवताच्या गंजीत ठेवून आलो.
तक्त्यात लिहिलं: इतर कामे, दहा मिनिटं.

गुरुवारी मॅखनलेथचा दवाखाना, बाळांचा काटा.
नर्स म्हणाली, तक्रार आमची नाही, ह्यांची.
कोपऱ्यात एक पोरसवदा आई, भिजलेला कोट अंगातच,
मांडीवर गुंडाळलेलं एवढंसं.
"तीन आठवडे तेच वजन दाखवतोय. बिघडलाय ना?"
मी किलो ठेवला. दोन ठेवले. चिमट्यानं ग्रॅम ठेवला.
तिच्यासाठी म्हणून पुन्हा एकदा सगळं ठेवलं.
काटा बरोबर होता.
एवढी वर्षं मी काटे बरोबर करत आलो,
त्या दिवशी एक चुकावा म्हणून
मनातल्या मनात काय काय टाकून पाहिलं पारड्यात,
पासंगालाही पुरलं नाही.

ऑगस्टमध्ये एक आठवडा, अ‍ॅबरिस्टविथ.
"हत्यारं घरी राहतील," नेस्टानं बजावलं होतं.
राहिली. फक्त एक किलोचं तेवढं
माझ्या मोज्यांत आलं, का ते मलाही सांगता येणार नाही.
इथे वाळू नाही, गोटेच. एक उचलला,
एकशे चाळीस, म्हटलं. टाकला. दुसरा उचलला.
"सुट्टी आहे," ती म्हणाली, डोळे न उघडता.

धक्क्यावर नाणं टाकून वजन सांगणारं जुनं यंत्र.
नेस्टा चढली. नऊ स्टोन चार.
आत स्प्रिंग ढिली पडल्याचा आवाज
तिच्या चपलांखालून मला स्वच्छ ऐकू येत होता.
घरचा काटा माझ्या हातचा आहे,
त्यावर ती गेली सहा वर्षं उभी राहिलेली नाही.
"काय?" ती म्हणाली.
"काही नाही," म्हटलं, आणि आईस्क्रीम घेतलं, मोठं.

तिसऱ्या दिवशी चौपाटीच्या रस्त्यावर तसाच कोट दिसला,
पुढे बाबागाडी.
मी रस्ता ओलांडून गेलो. दुसरीच होती कुणी.
गाडीत एक गुबगुबीत मुलगा, दात येत असलेला,
त्यानं मला लाळेची मूठ दाखवली.
रस्ता संपतो तिथल्या कठड्याला पायानं ठोकर मारून
मग मागे वळायचं, अशी इथली रीत.
मी जरा जोरातच मारली. अंगठा रात्रभर ठणकला.

शेवटच्या दुपारी वारा सुटला. झोपेतून उठून बघतो तर
नेस्टाच्या वर्तमानपत्रावर माझा किलो,
उघड्यावर, खाऱ्या तुषारांत!
"अगं, मीठ!" मी ओरडलो.
ती शब्दकोडं सोडवत होती.
"मोज्यात सापडलं. एवढं जड आहे,
करू दे की काहीतरी उपयोगाचं," म्हणाली,
आणि पान उलटायला म्हणून ते हातानं उचललं,
पाचही बोटांनी.

सोमवारी प्रोसरकडे पुन्हा बोलावणं. आठ ग्रॅम.
पेटी उघडली. किलोवर पांढरट डाग, बोटांचे ठसे.
फडकं हातात घेतलं आहे.
तो विचारतो, "कशी झाली सुट्टी?"