दहावा ग्रोस

वूच शहरात, बंद पडलेल्या कापडगिरणीच्या मागे
लुडोमिरकाकांचं बटणांचं ठोक दुकान.
शिंपल्याची, शिंगाची, लाकडाची, प्लास्टिकची;
खोक्यावर टाचलेला एकेक नमुना,
म्हणजे उघडायला नको.
बारा डझन म्हणजे एक ग्रोस. सुटी मिळत नाहीत.

मी रात्रीच्या वर्गात प्रोग्रॅमिंग शिकते.
म्हटलं, तुमच्या सवलतीचा हिशेब काँप्युटरवर बसवून देते.
त्यांनी पुठ्ठ्यामागे नियम लिहून दिले:
दहा ग्रोसपासून वीस टक्के,
वीसपासून तीस,
पन्नासपासून चाळीस.
आणि शंभर?
"गिरण्या होत्या तेव्हा मागायचे."

तीन रात्री गेल्या.
करड्या रंगाची एक खिडकी,
संख्येसाठी एक चौकोन,
उत्तराला रिकामी ओळ,
आणि मधोमध एक बटण: हिशेब.
काकांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"हे कसलं बटण?
ना भोकं, ना दोरा.
तुटलं तर शिवणार कशानं?"

पहिल्यांदा चुकलंच.
'दहाहून जास्त' लिहिलं होतं मी,
'दहा किंवा जास्त' लिहायचं राहिलं;
बरोब्बर दहा मागणारा
उंबऱ्यावरच ताटकळला.
एवढंसं चिन्ह घातलं, तेव्हा आत आला.

मग काठावरचे आकडे तपासले.
नऊ: तीनशे साठ झ्लॉटी.
दहा: तीनशे वीस.
पुन्हा दाबलं. तेच.
"काका, घोळ आहे. जास्त घेणाऱ्याला कमी पडतायत."
काका शिडीवर होते, तिथूनच म्हणाले,
"घोळ नाही. तो ब्रोनिस्वावाबाईंचा ग्रोस."

बाई इस्पितळाच्या उशांचे अभ्रे शिवतात.
दर डिसेंबरात नऊ ग्रोस, पांढरी, चार भोकांची.
काका दहाचं बिल फाडतात,
दहावं खोकं काउंटरवर मांडतात.
बाई त्यावर हात ठेवतात जरा वेळ.
"माझ्याकडे जागा कुठाय? राहू दे तुमच्याकडेच."

मी ते खोकं पाहिलं.
कोपरे मऊ पडलेले, सुतळी तीच.
अकरा वर्षं विकलं जातंय,
दुकानाबाहेर गेलेलं नाही.

हे आता कुठल्या 'जर'मध्ये बसवू?
'नऊ असतील तर दहाचा भाव'
लिहून पाहिलं,
चाललंही.
खोडलं.
मग खोकं खाली कशाला आणायचं कुणी,
आणि राहू दे तरी कोण म्हणणार?

प्रोग्रॅममध्ये नऊला तीनशे साठच आहेत.

काल बाई आल्या. टोपीवर बर्फ.
"नऊ," म्हणाल्या.
काकांनी एका बोटाने, जपून,
आधी एक दाबला, मग शून्य,
मग ते बिनदोऱ्याचं बटण,
आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,
"वरच्या फळीवरचं आण गं."

आणलं.
त्या फळीवर सगळ्यावर धूळ होती,
त्याच्यावर नव्हती.