कॅलेंडरसाठी

सोसायटीनं सांगितलं होतं :
बारा पानं, बारा देखावे,
माणूस शक्यतो नको.

बेळगुंदीच्या पुढं मोटरसायकल लावली.
वैजनाथाचा डोंगर निळा, खाली तांबडी माती
आणि मधोमध यल्लूबाई
रताळी उकरत बसलेली.

‘मावशी, जरा बाजूला होतासा?’
झाली. बुट्टी, कुदळ, पाण्याची बाटली
सगळं उचलून बांधावर.
‘काय काढूलालास?’
‘शेत.’
‘मग मी काय केलं त्याला?’

मी लेन्स पुसत राहिलो.

रिकाम्या रानात ऊन नुसतंच पडलं होतं,
उपटलेल्या वेलींचा ढीग,
तिच्या बसण्याची चपटी, ओलसर जागा.
ती तेवढी आली फोटोत.

निघताना दोन रताळी बॅगेत घातली तिनं,
माती न झटकता.
‘आमचं शेत जूनमधी नको घालूस,
तवा हितं नुसता चिखल असतोय.
लोकं म्हणतील,
यल्लूबाईचं रान असलं?’

रताळी उकडून खाल्ली त्याच रात्री.
बॅगेच्या शिवणीतली माती
अजून निघत नाही.
अकरा पानं छापायला गेली,
नोव्हेंबरसाठी
चेअरमनचा फोन येऊन गेला दोनदा.